डाव्या चाकाचा बूट

डोंगरी, उत्तन
१२ एप्रिल १९९४

गुणवंतास ह्युबर्टचा नमस्कार.

तू वर्कशॉपातून रिटायर होऊन भाईंदर सोडलंस त्याला वर्ष झालं. जाताना केबिन रोडवर चहा पिताना काय म्हणालास, आठवतंय? 'ह्युबर्ट, मी बघून दिलेला हा छोटा ट्रॅक्टर दहा वर्षं तुला खाली वाकायला लावणार नाय.' दहा वर्षं! मी गेले आठ दिवस त्याच्याखाली उताणा पडलोय.

डाव्या पुढच्या चाकाचं नाटक हाय. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की करकर करतं आणि तिथंच अडकतं. परवा वांग्यांच्या वाफ्यातून निघालो तो सरळ क्लाराच्या कपड्यांच्या दोरीत. दोन चादरी आणि तिचा झगा घेऊन विहिरीपर्यंत गेलो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाय, आणि बोलते तेव्हा न बोललेली परवडली.

खाली बघितलं तर चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या टोकाला जो गोळीचा सांधा असतो, त्यावरचं रबरी टोपडं फाटून लोंबतंय. तुम्ही मेकॅनिक लोक त्याला बूट म्हणता. आत सगळी वाळू. भाईंदरचा मेकॅनिक म्हणतो, नुसता बूट मिळत नाय, अख्खी दांडी मागवायला लागेल, तीन महिने थांबा. यांचे तीन महिने म्हणजे आठ. मी काय नाताळची भातलावणी करू?

आता खरं दुखणं सांगतो. माझा मोठा भाऊ रुबेन, तो सिल्व्हर पार्कला फ्लॅट घेऊन राहिलाय. सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं. गेल्या पावसात ट्रॅक्टर माझ्या हाताला बसला नव्हता, निम्मं शेत पडीक राहिलं. ते बघून रुबेन म्हणाला, पडीक ठेवायचं तर बिल्डरला देऊ. खूप वाजलं. शेवटी ठरलं ते असं: यंदा सेंट पीटरच्या सणापर्यंत, म्हणजे २९ जूनपर्यंत, सगळ्या शेतात भातलावणीचा चिखल झालेला त्यानं डोळ्यांनी बघितला तर विषय बंद. नाय झाला तर मी सही करायची. बैल आता नाय. माझी कंबर तुला ठाऊक हाय.

म्हणून तू ये. चार दिवस ये. क्लारा सुके बोंबील काढून ठेवते. येत नसशील तर निदान तो बूट घरच्या घरी कसा करायचा ते लिही.

ह्युबर्ट

*

वडगाव, ता. मुखेड, जि. नांदेड
२१ एप्रिल १९९४

ह्युबर्टला आणि क्लारावहिनींना जय भीम.

अक्षर बघून दचकू नको. मी बोलतो आणि माझी सून राजश्री लिहिते. ती सातवीच्या पोरांना मराठी शिकवते, म्हणून माझं बोलणं सुधारून लिहिते आणि शिव्या गाळते. त्या तू आपल्या आपण समजून घे.

पहिली गोष्ट, नव्या बुटात आपोआप वाळू शिरत नाही. तू ट्रॅक्टर रेतीवर नेतोस. बर्फाच्या आणि मासळीच्या टोपल्या ओढायला ट्रॉली लावतोस. खोटं बोलू नको. जाताना तुला शंभरदा सांगितलं होतं की हे शेताचं जनावर आहे, याला समुद्र दाखवू नको. पण ह्युबर्ट ऐकेल तर तो (इथे एक शब्द लिहिला नाही. — राजश्री).

आता नीट वाच. दांडीच्या टोकाच्या नटातली पिन काढ. नट सैल कर, पण अगदी टोकापर्यंत नेऊन तिथंच राहू दे. मग हातोडा मारायचा तो बाजूनं, ज्या डोळ्यात, म्हणजे लोखंडी कड्यात, सांधा बसलाय त्या डोळ्यावर. वरून नटावर मारायचा नाही. दोन ठोक्यांत सांधा सुटतो. फाटका बूट काढून फेक. त्यावर चिकटपट्ट्या लावत बसू नको. वरून पट्टी मारली की आतली वाळू आतच राहते आणि लोखंड खाते. सांधा घासलेटनं धू, पुन्हा धू, बोट फिरवून बघ, एक कण लागला तर तिसऱ्यांदा धू.

बूट करायचा ट्रकच्या जुन्या ट्यूबचा. सायकलच्या ट्यूबचा नाही, ती पातळ असते. बशीएवढा गोल काप, मधे भोक, एका बाजूनं मध्यापर्यंत चीर दे आणि शंकूसारखा वळवून पंक्चरच्या सोल्युशननं चिकटव. आत ताजं ग्रीस भर. वर आणि खाली बारीक तारेनं आवळ. सुटला प्रश्न.

मला यायला जमणार नाही. इथं ऊन लई आहे, आणि घरात कामं आहेत.

तुझा गुणवंत

*

डोंगरी
१ मे १९९४

गुणवंतास,

लेखनिक ठेवलास? मोठा साहेब झालास की रे! वर्कशॉपात होतास तेव्हा ग्रीसच्या बोटांनी पत्र लिहायचास, ते वास घेऊनच ओळखायचो मी. आता सुनेला पुढ्यात बसवून मजकूर सांगतोस आणि खाली 'जमणार नाही' म्हणून सही. ऊन म्हणे. छत्तीस वर्षं बसच्या इंजिनाखाली झोपलास तेव्हा काय बर्फ पडत होता?

तुझं पत्र यायच्या आधी मला धीर धरवला नाय. मी सायकलच्या ट्यूबचा बूट केला होता. दोन दिवसांत फाटला. ठीक हाय, चूक माझी. आणि नटावर हातोडा मी वरूनच मारला होता. तेही तुझं पत्र यायच्या आधीच. आटे दबले. मग तो नट काढताना मी जे बोललो ते ऐकून क्लारानं खिडकी लावून घेतली आणि तीनदा क्रूस काढला.

नंतर तुझं पत्र आलं. सगळं तू सांगितलंस तसं केलं. केबिन रोडवरच्या शेठकडून नवा नट आणला, तो म्हणाला, 'ह्युबर्टभाई, ट्रॅक्टर का दवाखाना खोला क्या?' ट्रकची ट्यूब आणली. बशी ठेवून गोल कापला. (बशी क्लाराच्या लग्नातली होती. फुटली. ते तुझ्या पत्रात नव्हतं.) घासलेटनं चार वेळा धुतलं. सांध्यात भरायचं ते भरलं. तारेनं आवळलं. स्टिअरिंग असं फिरायला लागलं की एका बोटानं. मी संध्याकाळी क्लाराला बाजूला बसवून चर्चपर्यंत नेऊन आणलं. ती हसली सुद्धा.

चार दिवसांनी सकाळी बघतो तर बूट फाटलेला. अर्धा गायब! ट्रकच्या ट्यूबचा, जाड, तारेनं आवळलेला! आता बोल. तुझी विद्या कुठं गेली?

सणाला दोन महिनेही राहिले नाय. रुबेन दर रविवारी मिस्सा झाली की विचारतो, 'काय ह्युबर्ट, गाडी चालते का?' हसून विचारतो. मला ते हसणं आवडत नाय.

ह्युबर्ट

*

वडगाव
९ मे १९९४

ह्युबर्ट,

माझी विद्या जागेवर आहे. तू काय करतोस ते मला इथून कळत नाही, आणि तू धड सांगत नाहीस.

मी विचारतो त्याची उत्तरं दे. इकडच्या तिकडच्या गप्पा नकोत. एक, ग्रीस कोणतं भरलंस? मी 'ताजं ग्रीस' म्हटलं आणि तू लिहितोस 'भरायचं ते भरलं'. भरायचं ते म्हणजे काय? आंब्याचं लोणचं? दोन, बूट चिरेवर उसवला की दुसरीकडेच फाटला? तीन, फाटल्याची कड सरळ आहे की कुरतडल्यासारखी? चार, गायब झालेला तुकडा कुठं सापडला? जाड ट्यूब अशी हवेत विरघळत नाही. ट्रक चालतात त्या ट्यूबवर.

तोवर दुसरा बूट कर. बशी सोड, परकार घे नाहीतर डबडं ठेव. चिरेला सोल्युशन लावलं की पाच मिनिटं हवेत धर, मग चिकटव. ओलं असताना चिकटवणारे सगळे तुझ्यासारखेच असतात.

लेखनिकाबद्दल बोललास ते राजश्रीनं मला वाचून दाखवलं. ती हसत होती. मला हसू आलं नाही. माणूस म्हातारा होतो ह्युबर्ट, हात दुसऱ्या कामात असतो. एवढंच.

येणं जमणार नाही असं एकदा सांगितलं ना.

गुणवंत

*

डोंगरी
१८ मे १९९४

गुणवंता,

आता तुझे चार प्रश्न ठेव बाजूला. मला उत्तर मिळालंय, आणि ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

दुसरा बूट केला. सोल्युशन हवेत धरलं, पाच मिनिटं घड्याळ लावून. बूट असा झाला की कंपनीवाल्यानं बघून नोकरी द्यावी. यावेळी मी राखण ठेवली. आमचा टायगर तुला ठाऊक हाय, पोस्टमनला दारात उभा करत नाय, फादर आले तरी आधी झग्याचा वास घेऊन मग सोडतो. त्याला ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाच बांधला. म्हटलं बघू कोणाची छाती होते ती.

सकाळी बूट खलास. आणि टायगर एकदाही भुंकला नाय! मी जागाच होतो, गुणवंता. एकदाही नाय. सकाळी बघतो तर आरामात चाकाला टेकून पडलेला, शेपटी हलवतोय.

म्हणजे परका माणूस नाय. टायगर कोणावर भुंकत नाय? माझ्यावर, क्लारावर, आणि ज्यानं त्याला पिल्लू असताना खांद्यावर टाकून आणला त्या रुबेनवर. शेत विकायचं कोणाला हाय? रुबेनला. ट्रॅक्टर चालला नाय तर फायदा कोणाचा? रुबेनचा. दर रविवारी हसून विचारतो कोण? आता तूच जोड.

रविवारी मिस्सा झाल्यावर मला राहवलं नाय. चर्चच्या पटांगणात, सगळ्यांसमोर, मी त्याला म्हणालो, 'रुबेन, शेत पाहिजे तर समोरून माग, बुटाला ब्लेड मारायला चोरासारखा येऊ नको.' त्याला आधी कळलंच नाय. पायातल्या बुटांकडे बघत राहिला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. बायकोचा हात धरून निघून गेला. तेव्हापासून इकडे फिरकला नाय.

क्लारा म्हणते, मी भावाला मारून टाकलं असतं तर त्याला कमी लागलं असतं. ती माझ्या बाजूची नाय. घरात कोणीच माझ्या बाजूचं नाय.

म्हणून फाटक्या बुटाचे उरलेले तुकडे तुला पार्सलनं पाठवतोय. तू वर्कशॉपातला माणूस. ब्लेडनं कापलंय की चाकूनं, ते लिहून दे. ते पत्र घेऊन मी फादरकडे जाणार, रुबेनला समोर बसवणार. मग सहीचं काय ते बघू.

ह्युबर्ट

*

वडगाव
२८ मे १९९४

ह्युबर्ट,

तुझं पार्सल काल आलं. कसं आलं ते ऐक.

आमचा पोस्टमन शिवा सायकलवरून येतो. काल तो चालत आला, सायकल हातात धरून, पार्सल डोक्यावर, आणि मागं गावातली सात कुत्री. शिवा दुरूनच ओरडला, 'बाबा, ह्यात काय मेलंय ते आधी सांगा!' राजश्रीनं पार्सल घेतलं आणि पडवीत ठेवून नाकाला पदर लावला. कुत्री दारातून हलेनात. एक तर पायरीवर चढून रडायला लागलं.

मी तुकडे हातात घेतले. वास घेतला. छत्तीस वर्षं मी तुमच्या भागात काढली आहेत ह्युबर्ट, तो वास मी मेल्यावरसुद्धा ओळखीन. मुशीचं तेल! तुम्ही बोटीच्या लाकडाला चोपडता ते माशाचं तेल! तू ग्रीसऐवजी सांध्यात माशाचं तेल भरलंस!! (इथे चार शब्द लिहिले नाहीत. — राजश्री)

अरे, तेलानं रबर मऊ पडतं, फुगतं. ते एक वेळ सोड. पण तू कुत्र्यापुढं मासळी वाढून ठेवलीस आणि वर विचारतोस जेवलं कोण?

मग मी कडेवरून बोट फिरवलं. ब्लेडची कड गुळगुळीत लागते. चाकूची एका अंगाला वळते. ही कड खडबडीत आहे, आणि तिच्यामागं चार खड्डे आहेत, दोन वर, दोन खाली. सुळे. मोठ्या कुत्र्याचे. अंगठ्याला स्पष्ट लागतात. दोन डोळे असून तुला ते दिसले नाहीत?

टायगर भुंकला नाही! तोंड भरलेलं असताना भुंकेल कसा? आणि तू त्याला शोधायचे कष्टसुद्धा दिले नाहीस. चाकालाच बांधलास! कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते इतकी वर्षं ऐकत होतो, तू ते दोरी लावून करून दाखवलंस.

आणि त्यावरून तू सख्ख्या भावाला चारचौघांत चोर म्हणालास.

मी तुला असं काहीही लिहून देणार नाही. मी लिहून देतो ते हे: रुबेनचा काडीचा दोष नाही. हे पत्र घेऊन फादरकडे जाऊ नको, सिल्व्हर पार्कला जा.

सोबत मी केलेला बूट पाठवतो आहे. ट्यूब आमच्या पाण्याच्या टँकरची. सांधा पुन्हा धू, तेलाचा वास जाईपर्यंत धू, आणि ग्रीस भर. ग्रीस म्हणजे ग्रीस, दुकानात डब्यात मिळतं ते.

गुणवंत

ता. क. ह्युबर्टकाका, हे मी राजश्री स्वतःचं लिहिते आहे. मामंजी उठून आत गेलेत. मी काय लिहिलंय ते त्यांना कळणार नाही, कारण त्यांना आता वाचता येत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दिवाळीपासून दिसणं जवळजवळ गेलंय. तुमच्याकडे यायला म्हणूनच घाबरतात. तो बूट त्यांनी सगळा चाचपून केला, तीन दिवस लागले, दोनदा कात्री बोटाला लागली. ऑपरेशनचं नाव काढलं की ताटावरून उठतात. गावात एकाचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला, तेव्हापासून हेच. आमचं कोणाचंच ऐकत नाहीत. तुमच्यावर ओरडतात तेवढाच वेळ जुन्यासारखे असतात.

*

डोंगरी
७ जून १९९४

राजश्री, हे पत्र तू त्याला मोठ्यानं वाचून दाखव. एक शब्द गाळू नको. मी तुझ्यासारखा शिकलेला नाय, त्यामुळे काही शब्द येतील, ते पण वाच.

गुणवंता, आंधळ्या!

दिवाळीपासून? आणि मला 'ऊन लई आहे' म्हणून लिहितोस? 'हात दुसऱ्या कामात असतो' म्हणे! मी इथं तुला साहेब झालास, माजलास म्हणून शिव्या घालतोय, आणि तू तिथं कात्रीनं बोटं कापून माझ्यासाठी बूट करतोयस. मला किती लाज आणलीस ठाऊक हाय? क्लारानं ती ताजा कलमाची ओळ वाचली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. मग बाहेर येऊन मला म्हणाली, 'दोघं सारखेच गाढव.' आयुष्यात पहिल्यांदा मला ते बरोबर वाटलं.

माशाच्या तेलाचं खरं हाय. ग्रीसचा डबा संपला होता. तेलाचं डबडं समोर होतं. माझ्या बापाची बोट त्या तेलावर तीस वर्षं टिकली, म्हटलं सांधा काय मोठा लागून गेला. तू दोनदा विचारलंस तेव्हा सांगायची लाज वाटली. टायगरला आता गोठ्यात बांधलाय. माझ्याकडे असा बघतो, जसं जेवणावरून उठवलं.

तुझा बूट बसवला. काय सांगू तुला, एका फटक्यात बसला. मी डोळे उघडे ठेवून तीन केले, त्यातला एकही असा नव्हता. नांगर जोडून दोन वाफे केले, डावीकडे वळतंय, उजवीकडे वळतंय.

पण रुबेनकडे जायला पाय उचलत नाय. दोनदा सिल्व्हर पार्कच्या गेटपर्यंत गेलो आणि वॉचमनला वेळ विचारून परत आलो. तू मला सांगतोस जा म्हणून. स्वतः डॉक्टरच्या दारात पाय ठेवत नायस, तो तू मला सांगतोस?

मला शिकवलंस ना, वरून पट्टी मारू नको, उघड आणि आतलं साफ कर? तुझ्या डोळ्यांना का नाय लागत ते?

ह्युबर्ट

*

वडगाव
१६ जून १९९४

ह्युबर्ट,

राजश्रीशी मी दोन दिवस बोललो नाही. मग चहाला साखर कोण घालतं ते आठवलं आणि बोललो.

माझे डोळे आणि तुझा सांधा यात फरक आहे. सांधा बिघडला तर दुसरी दांडी मागवता येते. डोळा मागवता येत नाही. आत्ता निदान उजेड-अंधार कळतो, नातवंड दारात उभं राहिलं तर सावली दिसते. तेवढंही गेलं तर? तू येऊन सांभाळणार?

भीती वाटते मला. झालं? लिही राजश्री, तसंच लिही. छत्तीस वर्षांत इंजिन उघडायला कधी घाबरलो नाही, कारण बिघडलं तर मीच परत जोडणार होतो. इथं कोणाच्या हातात द्यायचं?

आता माझं ऐक. तू भित्रा आणि मीही भित्रा. मग सौदा कर. तू रुबेनकडे जा. गेटपर्यंत नाही, घरात जा, आणि तोंडानं चुकलो म्हण. ज्या दिवशी ते केल्याचं पत्र येईल, त्या दिवशी मी डोळ्यांचा विचार करीन. तू जाणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून बोलतोय.

आणि २९ तारीख जवळ आली. पत्रं लिहीत बसू नको, चिखल कर.

गुणवंत

*

डोंगरी
४ जुलै १९९४

गुणवंता,

मी गेलो.

बोलायला जमणार नाय हे मला ठाऊक होतं, म्हणून टायगरला ट्रॉलीत घातला आणि कुरतडलेला एक तुकडा खिशात. सिल्व्हर पार्कच्या गेटात ट्रॅक्टर बघून वॉचमन शिट्टी वाजवायला लागला. अख्खी बिल्डिंग गॅलरीत. दुसरा मजला चढलो, बेल दाबली. रुबेननं दार उघडलं आणि नुसता उभा राहिला. मी खिशातून तुकडा काढला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात टायगरनं उडी मारून तो माझ्या हातातून घेतला. तिथंच त्यांच्या पायपुसण्यावर बसला आणि दोन पायांत धरून चावायला लागला.

रुबेन त्याच्याकडे बघतोय, मी रुबेनकडे. मग मी म्हणालो, 'दादा, मी चुकलो.' बस्स, एवढंच.

रुबेन म्हणाला, 'पन्नास वर्षं मला ओळखतोस आणि भरवसा ठेवलास कुत्र्यावर!' आणि दार लावून घेतलं. मी जिना उतरलो. म्हटलं, गेला भाऊ.

तरी चिखल सोडला नाय. रोज पहाटेपासून. तुझा बूट चिखलात गाडला जात होता, संध्याकाळी मी धुऊन बोट फिरवून बघायचो, आत कण नाय. २९ला सकाळी शेवटचा कोपरा राहिला होता. मी ट्रॅक्टरवर, आणि बांधावर रुबेन. एकटाच. हातात सहीचा कागद. मला वाटलं, झालं. कोपरा राहिलाय, तो आता घड्याळ दाखवणार.

त्यानं चपला काढल्या. पँट गुडघ्यापर्यंत वळली. चिखलात उतरून इकडून तिकडे सगळं शेत चालला, कोपऱ्यापर्यंत. मी इंजिन बंद केलं. तो जवळ आला, माझे ग्रीसचे हात बघितले आणि तो कागद मला दिला. म्हणाला, 'हात पूस. कोपरा मी करतो, तू उतर.' चालवता येत नाय त्याला! पहिल्याच वळणाला बांध तोडला. क्लारा ओरडत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. काल आवणी झाली, सगळ्या शेतात भाताची रोपं लागली. रुबेनची बायकोसुद्धा आली होती लावायला.

त्याला मी तुझं सगळं सांगितलं. त्याच्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मीरा रोडला झालंय, ते आता पेपर वाचतात, वाचून दाखवत सगळ्यांना पिडतात. रुबेन त्या डॉक्टरणीकडे जाऊन तुझ्यासाठी तारीख घेऊन आला. २६ जुलै. मी विचारलं नव्हतं. आधी एकच डोळा करणार, दुसरा तसाच राहणार, त्यामुळे तुझी सावली कुठं जात नाय. 'कोणाच्या हातात द्यायचं' म्हणालास ना? बाहेर बाकावर मी बसणार, रुबेन बसणार. जेवण क्लाराचं.

सौदा तू केला होतास. मी माझी बाजू पुरी केली.

ह्युबर्ट

*

वडगाव
१३ जुलै

ह्युबर्ट

हे मी माझ्या हातानं लिहितोय. राजश्री शाळेत गेली. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर तसंच वाच. पट्टी ठेवून लिहितोय, पट्टी सरकते.

तू जाशील असं वाटलं न्हवतं लेका. फसवलंस मला.

माझा पोरगा लोकेश रजा घेऊन मला आणतो. रविवारी २४ला एस्टीनं निघतो, सोमवारी सकाळी भाईंदर स्टेशनच्या बाहेर, पश्चिमेला. रिक्षा नको. ट्रॅक्टर घेऊन ये. टायगरला घरी ठेव.

क्लारावहिनीला सांग बोंबील काढून ठेव.

भीती अजून हाये. ती घेऊनच येतो.

दवाखान्यात न्यायच्या आधी मला त्या डाव्या चाकापाशी खाली बसव. डोळ्यांचं काय व्हायचं ते मंगळवारी होईल. सोमवारी मला माझा बूट हातानं बघू दे.

गुणवंत